फाटक गेले, सिग्नल बदलले. आपण कुठे आहोत?

येवला म्हटले की आपल्या माणसाच्या डोळ्यांसमोर आधी मुक्तिभूमी उभी राहते. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी येवल्याच्या परिषदेत धर्मांतराची घोषणा केली. त्यानंतर एकवीस वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपूरला तिची पूर्तता झाली. दरवर्षी १३ ऑक्टोबरला गावोगावचे समाजबांधव येथे येतात, अभिवादन करतात आणि परत जातात. पण येवला हे दौंड-मनमाड मार्गावरचे रेल्वे स्टेशनही आहे आणि या रुळांशी आपल्या समाजाचे नाते त्या घोषणेहूनही जुने आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांच्या लक्षात असते.

हा मार्ग १८७८ साली सुरू झाला. १८७६-७७ च्या दुष्काळात त्याच्या मातीकामावर दुष्काळी मजूर लावले गेले होते. गावकुसाबाहेरच्या ज्या हातांना गावात काम नव्हते, त्यांना रेल्वेने घमेले आणि फावडे दिले. पुढे तेच हात गँगमध्ये गेले. खडी फोडणे, स्लीपर उचलणे, उन्हातान्हात आणि पावसात रुळांची राखण करणे ही कामे आपल्या लोकांच्या वाट्याला आली. मनमाड हे जंक्शन, त्यामुळे आसपासच्या वस्त्यांतून घरटी एक तरी माणूस 'रेल्वेत' असे. आमच्या घरातही माझे मामा होते. आधी गँगमन, मग पायाला इजा झाल्यावर गेटमन.

मध्यंतरी एका कामासाठी तालुक्यातील एका खेड्यात जाताना, बंद झालेल्या रेल्वे फाटकापाशी मी थांबले. पूर्वी डांबरी रस्ता रुळांवरून सरळ पलीकडे जात असे. आता तो रुळांच्या अलीकडेच संपतो. आडवे रूळ उभे गाडून वाट बंद केलेली आहे. फाटकाचा दांडा गेला, पण तो ज्या खांबात बसत असे तो लोखंडी खांब गंजून उभा आहे. दांडा वर-खाली करायच्या चरखीचे जोते शिल्लक आहे. गेटमनच्या गुमटीला दार नाही आणि भिंतीवरचा गाडी क्रमांकांचा तक्ता पुसट झाला आहे. रस्त्यावर दोन्ही बाजूंना उंचीची कमान असते ना, विजेच्या तारेला उंच मालट्रक लागू नये म्हणून, तिचे एका बाजूचे खांब अजून आहेत. गवतात एक पिवळी पाटी उलटी पडली होती. तिच्यावर 'सी/फा' अशी अक्षरे होती. म्हणजे 'सीटी, फाटक'. ही पाटी दिसली की ड्रायव्हरने शिट्टी वाजवायची असते. आता त्या जागी शिट्टी वाजत नाही, कारण ऐकायला कोणी नाही.

एरवी असे पडके काही दिसले की आपण जुन्या दिवसांचे गोडवे गायला लागतो. मी मामांना ही हकीकत सांगितली तेव्हा त्यांनी मला तेच करू दिले नाही. "फाटक गेलं ते चांगलं झालं, पोरी," ते म्हणाले. "बारा-बारा तासाची पाळी. तुम्ही लोक फाटकापाशी येऊन हॉर्न वाजवायचे, शिव्या द्यायचे. गाडी येईस्तोवर जीव मुठीत. त्याचं काय कौतुक करतेस?"

मामांचे म्हणणे खरे आहे. गेटमनच्या कामाला रेल्वेच्या कागदांत बऱ्याच ठिकाणी 'अधूनमधूनचे काम' समजले जाई, म्हणून पाळी आठ तासांऐवजी बारा तासांची. कागद लिहिणाऱ्याला वाटते की दोन गाड्यांच्या मध्ये गेटमन मोकळाच बसलेला असतो. पण त्या मधल्या वेळात त्याला डोळा लागून चालत नाही. स्टेशनवरून फोन येणार, गाडी सुटल्याचे कळणार, दोघांनी एकमेकांना खासगी क्रमांक सांगायचा, तो वहीत टिपायचा, मग फाटक लावून कुलूप घालायचे. हाताशी लाल आणि हिरवा झेंडा, रात्रीची हातबत्ती आणि रुळावर लावायचे फटाके. फाटकात एखादी बैलगाडी किंवा ट्रॅक्टर अडकला, तर येणाऱ्या गाडीच्या दिशेने धावत जाऊन ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर दहा-दहा मीटर अंतराने तीन फटाके लावायचे, हा नियम मामांना आजही पाठ आहे. "पाय अधू होता म्हणून गेटवर घातलं, आणि गेटवर नियम काय, तर धाव!" असे ते हसून सांगतात.

त्या काळचे सिग्नलही माणसाच्या अंगबळावर चालत. खांबावर लाल हात असायचा. तो आडवा असला की थांब, खाली झुकला की चल. स्टेशनच्या केबिनमध्ये लिव्हर ओढला की रुळांच्या कडेने कप्प्यांवरून गेलेली तार ताणली जाई आणि दूरवरचा हात खाली येई. संध्याकाळी बत्तीवाला खांबाच्या शिडीवर चढून रॉकेलचा दिवा ठेवी. एकेरी मार्गावर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून यंत्रातून लोखंडी गोळा काढून तो वेताच्या कडीत अडकवून ड्रायव्हरला दिला जाई. तो गोळा हातात असल्याशिवाय गाडीने पुढच्या स्टेशनकडे निघायचे नाही. सांधे बदलणारा सांधेवाला, लिव्हर ओढणारा, बत्तीवाला, गेटमन, गँगमन ही सगळी खालची माणसे. गाडीतील हजारो प्रवाशांचे प्राण त्यांच्या हातात असत आणि त्यांचे नाव कोणाला ठाऊक नसे.

या खालच्या कामांतसुद्धा जात होतीच. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती. अध्यक्षस्थानी बाबासाहेब होते. कामगारांचे दोन शत्रू आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, हे त्यांनी तेथेच सांगितले. ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण जातीची माणसे नव्हेत, तर स्वातंत्र्य, समता आणि बंधुता नाकारणारी वृत्ती, हेही त्यांनी स्पष्ट केले. हे आपण भाषणांतून नेहमी ऐकतो. पण त्याच भाषणात त्यांनी रेल्वेचे एक साधे उदाहरण दिले होते, ते कमी सांगितले जाते. आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच निवृत्त होतो, असे बाबासाहेब म्हणाले. त्याला साधे पोर्टरसुद्धा करत नाहीत. का? तर पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामेही करावी लागतात आणि अस्पृश्याला घरात कसा घेणार? म्हणजे अडचण कामाच्या कौशल्याची नव्हती, घराच्या उंबरठ्याची होती. कारखान्यातही तो मिस्त्री नाही, हमालच.

स्टेशनमास्तरची ही तऱ्हा बाबासाहेबांनी लहानपणीच पाहिली होती. १९०१ साली ते भावंडांबरोबर वडिलांना भेटायला निघाले आणि मसूर स्टेशनवर उतरले. चांगल्या कपड्यांतील मुले पाहून मास्तर आधी आपुलकीने बोलला आणि जात कळताच मागे सरला. त्याच बाबासाहेबांनी सदतीस वर्षांनी मनमाडच्या मंडपात रेल्वे कामगारांना संघटित व्हायला सांगितले.

आता सिग्नल बदलले आहेत. लाल हात गेले, रंगीत दिव्यांचे सिग्नल आले. लिव्हर गेले, बटणांचे पॅनल आले, आता संगणकावर चालणारी यंत्रणा येत आहे. दौंड-मनमाड मार्गाचे विद्युतीकरण झाले आणि दुहेरीकरणाचे काम हाती घेतले गेले. स्टेशनांदरम्यान गाडीची चाके मोजणारी यंत्रे बसतात. जेवढे आस आत गेले तेवढेच बाहेर पडले, तरच मार्ग मोकळा समजायचा. २०२० साली 'कवच' ही यंत्रणा देशासाठी स्वीकारली गेली. ड्रायव्हरने धोक्याचा सिग्नल ओलांडला तर गाडीला आपोआप ब्रेक लागतो.

या सगळ्यामागे एकच तत्त्व आहे. सांधा, सिग्नल आणि फाटक एकमेकांना असे बांधायचे की एक चुकीचे असेल तर दुसरे बरोबर दाखवूच शकणार नाही. फाटक उघडे असेल तर सिग्नल हिरवा होणार नाही. सिग्नल हिरवा असेल तर फाटक उघडणार नाही. भगवान बुद्धांनी कार्यकारणभाव शिकवला. कारण काढून टाका, दुःख राहत नाही. रेल्वेच्या इंजिनियरने फाटकाच्या बाबतीत तेच केले आहे. माणूस दमेल, पेंगेल, घाबरेल हे गृहीत धरून त्याची चूक जीवघेणी होणार नाही अशी व्यवस्था करणे हीच खरी करुणा. नुसते 'सावध रहा' अशी पाटी लावणे म्हणजे करुणा नव्हे.

ही व्यवस्था जेथे नसते तेथे काय होते, ते आपण पाहिले आहे. मनमाडहून सिकंदराबादला जाणारी जी लाइन आपल्या तालुक्यातील नगरसूलवरून जाते, त्याच लाइनवर तेलंगणातील मसाईपेट येथे २४ जुलै २०१४ रोजी शाळेची बस गेटमन नसलेल्या फाटकात रेल्वेखाली आली आणि लहान मुले गेली. २६ एप्रिल २०१८ ला उत्तर प्रदेशात कुशीनगर येथे अशाच फाटकात शाळेच्या गाडीतील १३ मुले गेली. त्यानंतर काम वेगाने झाले आणि जानेवारी २०१९ अखेर ब्रॉडगेज मार्गांवरील बिनगेटमनची सर्व फाटके संपली. हे चांगले काम झाले, ते मान्य केले पाहिजे.

पण गेटमन असला म्हणजे प्रश्न मिटला, असेही नाही. ८ जुलै २०२५ रोजी तामिळनाडूत कडलूरजवळ सेम्मनकुप्पम येथे शाळेची व्हॅन गाडीखाली आली, तीन विद्यार्थी दगावले. तेथे गेटमन होता, मात्र फाटक सिग्नलशी जोडलेले नव्हते. गेटमनवर कारवाई झाली. चूक असेल तर व्हावी. पण फाटक सिग्नलशी वेळेत का जोडले गेले नाही, याचा जाब वरच्या कोणाला विचारला जातो का? आणि नवी यंत्रणा बसवली म्हणजे माणसाची गरज संपली, असेही नाही. २ जून २०२३ रोजी ओडिशात बालासोरजवळ बहानगा बाजार येथे २९० हून अधिक माणसे मेली. चौकशीत पुढे आले की, फाटकाचा विजेवर चालणारा दांडा बसवण्याच्या कामात आणि त्याआधीच्या दुरुस्तीत सिग्नलच्या वायरी चुकीच्या जोडल्या गेल्या होत्या. हिरवा दिवा हिरवाच दिसत होता आणि सांधा मात्र भलतीकडे होता. यंत्र खोटे बोलत नाही असे म्हणतात. पण वायर जोडणारा घाईत असेल, त्याच्यावर नजर ठेवणारा नसेल, तर यंत्रही खोटे बोलते.

फाटक बंद झाल्यावर पलीकडच्या माणसांचे काय होते, हाही प्रश्न आहे. बहुतेक ठिकाणी रुळांखालून भुयारी रस्ता काढतात. मोटारीला तो सोयीचा असतो. पण पावसाळ्यात अनेक भुयारी रस्त्यांत गुडघाभर पाणी साचते, मग शाळेची मुले, डोक्यावर चाऱ्याचा भारा घेतलेल्या बाया, सायकलवाले मजूर सरळ रुळांवरून जातात. डॉ. अनिल काकोडकर यांच्या समितीने २०१२ साली सरकारला सांगितले होते की, रूळ ओलांडताना आणि रुळांवरून चालताना देशात वर्षाला सुमारे १५ हजार माणसे मरतात. यात मोटारवाले किती असतील? पायी चालणारा गरीबच जास्त. ८ मे २०२० ची पहाट आपण विसरलेलो नाही. टाळेबंदीत जालन्याहून पायी निघालेले मध्य प्रदेशातील मजूर करमाडजवळ रुळांवरच झोपले होते. मनमाडकडे येणाऱ्या मालगाडीखाली १६ जण गेले. मालगाडीला मोकळा सिग्नल होता. त्या मजुरांना घरी जायला मात्र कोणी सिग्नल दिला नव्हता.

आता मूळ मुद्द्याकडे येते. हे लिहावेसे वाटले ते आमच्या घरातल्या एका भांडणामुळे. मामांचा नातू आय.टी.आय. झाला आहे, इलेक्ट्रिशियन. एका ठेकेदाराकडे सिग्नलच्या केबलसाठी चर खणण्याच्या आणि केबल टाकण्याच्या कामावर जातो. रोजचे पाचशे रुपये. हजेरीची चिठ्ठी नाही, पी.एफ.चा नंबर सांगत नाहीत, रुळांलगत काम करताना गाडी आली की ओरडून सांगणारा माणूसही रोज असतोच असे नाही. मामा म्हणतात, हे सोड, ग्रुप डी.ची परीक्षा दे. त्याची आई म्हणते, परीक्षा कधी होणार, निकाल कधी लागणार? मोठ्या मुलीच्या लग्नाचे कर्ज डोक्यावर आहे, येताहेत ते पैसे येऊ द्या.

दोघांचेही खरे होते. रविवारी विहारात वंदना झाल्यावर आम्ही सगळे बसलो. मी मुलाला विचारले, "तुला काय वाटतं?" तो म्हणाला, "आत्या, मी जी केबल टाकतो, ती कुठे जाऊन काय करते हे मला कोणी सांगत नाही. पेटीपाशी गेलो की साहेब म्हणतात, तू बाजूला हो."

मला बाबासाहेबांचे मनमाडचे भाषण आठवले. आमच्या पोराला त्या पेटीपाशी कोणी शिवाशिव म्हणून अडवत नाही. त्याला अडवते ते शिक्षण आणि ठेका. पण परिणाम तोच. खड्डा त्याने खणायचा, पेटी दुसऱ्याने उघडायची. मामा गँगमन होते. २०२५ मध्ये रेल्वेने ग्रुप डी.च्या ३२ हजारांहून अधिक जागा काढल्या, त्यात सर्वांत जास्त जागा ट्रॅक मेंटेनरच्या होत्या. म्हणजे नाव बदललेला गँगमनच. ती सरकारी नोकरी आहे, मानाची आहे, कोणी कमी लेखू नये. पण तिसऱ्या पिढीलाही तेच एक दार दिसावे काय?

ठेकेदारीचा आणखी एक धोका समजून घेतला पाहिजे. आपल्या आधीच्या पिढीने धम्म स्वीकारल्यावर कागदावर 'बौद्ध' लिहिले, तर केंद्राच्या नोकरीत सवलत मिळत नसे. रेल्वे केंद्राची, म्हणून रेल्वेतील अनेक बापांनी मनात बुद्ध आणि कागदावर जुनी जात ठेवली. १९९० साली कायदा बदलला आणि बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या. एवढ्या झगड्याने मिळालेला हक्क सरकारी भरतीत आहे. ठेकेदाराच्या हजेरीपटावर तो नाही. काम ठेक्यावर गेले की आरक्षण कोणी रद्द केले असे कोठे लिहून येत नाही, ते आपोआप उरत नाही.

शेवटी त्या दिवशी ठरले ते असे. दहावीनंतर दोन वर्षांचा आय.टी.आय. झालेल्या मुलाला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. त्याने इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाचा अर्ज भरायचा. प्रवेश होईपर्यंत कामावर जायचे, पण हजेरीची नोंद आणि पी.एफ. नंबर लेखी मागायचा, तो अर्ज मी लिहून दिला. कर्जाच्या हप्त्याला मामा आपल्या पेन्शनमधून हातभार लावतील. त्याची आई अजून पूर्ण राजी नाही. "दोन वर्षं निघतील का?" असे ती परवाही विचारत होती. तिला खोटा धीर द्यावा असे मला वाटले नाही. अवघड जाणार, एवढेच मी म्हणाले.

वाचकहो, आपल्या घरात असा मुलगा किंवा मुलगी असेल तर एवढे ध्यानात ठेवा. रेल्वेत 'टेक्निशियन ग्रेड-१ सिग्नल' हे पद असते. त्याला इंजिनियरिंगचा डिप्लोमा किंवा भौतिकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, संगणक यांपैकी विषय घेतलेली बी.एस्सी. चालते. ज्युनिअर इंजिनियरला तीन वर्षांचा डिप्लोमा लागतो. सिग्नलच्या लोकांना शिकवणारी रेल्वेची मोठी संस्था सिकंदराबादला आहे, १९५७ पासून. मनमाडहून गाडीत बसले की थेट तेथे उतरता येते. मुलींनीही हा विचार करावा. सिग्नलची पेटी उघडायला अंगबळ लागत नाही, डोके लागते. जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र आधीच काढून ठेवा, जाहिरात आल्यावर धावपळ नको. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज मुदतीत भरा.

आणि रोजच्या जगण्यातले. बंद फाटकाखालून मोटारसायकल घालू नका. शंभराच्या वेगातील गाडीला थांबायला सुमारे एक किलोमीटर लागतो, तुम्ही दिसल्यावर ड्रायव्हर काही करू शकत नाही. फाटकात वाहन बंद पडले तर आधी माणसे उतरवून दूर न्या, मग लगेच गेटमनला सांगा. फाटक उघड म्हणून गेटमनला दमदाटी करू नका. जबरदस्तीने फाटक उघडणे हा गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. भुयारी रस्त्यात पाणी साचत असेल तर ग्रामसभेत ठराव करा, त्याची प्रत रेल्वे कार्यालयाला द्या आणि पोच घ्या. एकट्याने बोंब मारण्यापेक्षा वीस सह्यांचा कागद जास्त चालतो, हा माझा चळवळीतला अनुभव आहे.

बाबासाहेबांनी १९३८ मध्ये मनमाडला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर पुतळ्याला हार घालून देता येणार नाही. गँगमनच्या नातवाने सिग्नलची पेटी उघडून आतली वायर बरोबर जोडली, तर ते थोडेफार दिले जाईल. प्रवेशाची यादी जूननंतर लागेल. मामा आत्तापासूनच विचारत आहेत, "लागली का गं?"

जयभीम!